आयुर्वेद शिकलेल्यांनी चिनी वैद्यकाचे मूळ सिद्धांत कसे अभ्यासावेत?

तुमच्या प्रश्नाचा सारांश मला असा दिसतो: बीएएमएस झालं, इंटर्नशिप चालू आहे, पुढे ॲक्युपंक्चर शिकायचं म्हणून आधी चिनी वैद्यकाचे सिद्धांत वाचायला घेतले. यिन-यांग (एकमेकांना पूरक अशा दोन विरुद्ध बाजू) पटकन समजलं. पाच तत्त्वांपाशी गाडी अडली, कारण ती पंचमहाभूतांशी जुळत नाहीत. त्यातच एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरंच लिहिलेलं. म्हणून तुम्ही विचारलंय, की सगळं त्रिदोषांच्या चौकटीत बसवून घेतलं तर सोपं जाईल का, सुरुवात नेमकी कुठून करायची आणि किती काळ लागेल.

मी बरीच वर्षं ॲक्युपंक्चरची प्रॅक्टिस करतो आणि शिकणाऱ्यांना हे सिद्धांत समजावूनही देतो. आयुर्वेदाचे विद्यार्थी नेमके तुमच्याच जागी अडकतात. माझ्या मते खरी अडचण पाच तत्त्वांची नाहीच. हे सिद्धांत रुग्णासमोर बसल्यावर कशासाठी वापरायचे, हे पुस्तकं पहिल्या शंभर पानांत सांगत नाहीत. त्यामुळे वाचणारा त्यांना विश्वाची रचना सांगणारं तत्त्वज्ञान समजून पाठ करत बसतो. प्रत्यक्षात प्रत्येक सिद्धांत उपचाराचा कुठला तरी निर्णय घ्यायला मदत करतो. तो निर्णय कोणता, हे आधी पाहायचं आणि मग सिद्धांताकडे जायचं. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर घेतो. हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इसवी सन 200 च्या आसपास, झांग झोंगजिंग या वैद्याने थंडीतापाच्या आजारांवर ‘शांगहान लुन’ हा ग्रंथ लिहिला. समजा, रुग्णाला ताप आहे, थंडी वाजतेय, मान आखडलीय, डोकं दुखतंय आणि नाडी वरवर बोट ठेवताच लागतेय. आजार अजून बाहेरच्या थरात आहे. आता वैद्य विचारतो, घाम येतोय का? घाम येत नसेल, अंग ठणकत असेल आणि नाडी ताणलेली असेल, तर माहुआंग तांग हा काढा. त्यात माहुआंग ही वनस्पती, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमध असतो. घाम आधीच येत असेल, वारा नकोसा वाटत असेल आणि नाडी सैल असेल, तर गुइझी तांग. त्यात त्याच दालचिनीच्या फांद्या, पांढऱ्या पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, आलं आणि चिनी बोरं. पहिला काढा बंद दार उघडून घाम काढतो. दुसरा आधीच उघड्या राहिलेल्या दाराचा बंदोबस्त करतो. घाम फुटलेल्या अशक्त माणसाला पहिला काढा दिला, तर तो आणखी गळून जाईल.

एका प्रश्नाच्या उत्तरावर औषध बदललं. बाहेर-आत, थंड-उष्ण, कमतरता-आधिक्य आणि या सगळ्यांना कवेत घेणारं यिन-यांग, अशा ज्या आठ कसोट्या तुमच्या पुस्तकात आहेत, त्या इथे कामाला लागलेल्या दिसतात. दोघांचाही आजार बाहेरच्या थरातला आणि थंडीचा, पण एकात आधिक्य आणि दुसऱ्यात, त्या मानाने, कमतरता. कसोट्यांची नुसती यादी वाचली तर ती चार दिवसांत विसरते. या दोन काढ्यांबरोबर वाचली तर विसरत नाही.

गुइझी तांग घेतल्यावर काय करायचं, हेही त्या ग्रंथात बारकाईने दिलंय. काढा प्यायल्यावर थोड्या वेळाने गरम, पातळ पेज प्यायची, अंगावर पांघरूण घ्यायचं आणि अंगभर हलकासा ओलावा येऊ द्यायचा. घामाच्या धारा लागू द्यायच्या नाहीत. एका मात्रेत बरं वाटलं तर उरलेला काढा पुढे घ्यायचा नाही. कच्चं, थंड, चिकट, मांस, दारू, दुधाचे जिनसे वर्ज्य. तापात पेज देणाऱ्या आपल्या घरांतल्या कुणालाही यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. मला हा भाग फार आवडतो, कारण औषधाचं काम रुग्णाच्या अंगावर दिसेपर्यंत वैद्याने त्याच्यावरची नजर हलवायची नाही, हे त्यातून कळतं.

आता त्रिदोषांचं. मोह मला समजतो. आपल्या डोक्यात एक पूर्ण शास्त्र आधीच बसलेलं असतं, त्यामुळे नवीन शब्द दिसला की हात आपोआप जुन्या खणाकडे जातो. पहिले काही दिवस काम भागतंही. ‘ओलावा’ आणि ‘कफ’ काही ठिकाणी खरोखरच जवळ येतात. जड अंग, चिकट जीभ, मंद भूक ही लक्षणं दोन्हीकडे एका ओळीत सापडतात. पण ‘वारा’ म्हणजे वात असं धरलंत की पुढचं सगळं चुकत जातं. आपला वात निरोगी शरीरातही असतो. हालचाल, श्वास, मलमूत्राचा वेग, बोलणं हे सगळं तो चालवतो, आणि बिघडला की रोग करतो. चिनी वैद्यकातला वारा निरोगी शरीराचा घटक नाही. तो बाहेरून आत शिरतो किंवा यकृताच्या बिघाडातून आत उठतो, आणि दोन्ही वेळा त्याला घालवायचंच असतं. वाताचं आपण शमन करतो, त्याला जागेवर आणतो. या दोन कल्पना एक मानल्या तर उपचाराची दिशाच बदलते.

पाच तत्त्वांचंही तसंच. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आकाश आणि वायू नाहीत, लाकूड आणि धातू आहेत, म्हणून तुम्ही गोंधळलात. पंचमहाभूतं द्रव्य कशाचं बनलंय ते सांगतात. चिनी पाच तत्त्वं बदलाचे पाच टप्पे आणि त्यांचे एकमेकांशी संबंध सांगतात: कोण कुणाला पोसतं आणि कोण कुणाला आवरतं. लाकूड अग्नीला पोसतं आणि मातीला आवरतं, वगैरे. या फरकाची पारख चवीवर होते. आपल्याकडे कडू म्हणजे तिक्त रस वायू आणि आकाश यांचा. चिनी मांडणीत कडू चव अग्नीच्या खात्यात, हृदयाशी जोडलेली. मग कडू औषध उष्ण असायला हवं ना? पण हुआंगलियान हे त्यांचं कडू औषध अत्यंत थंड मानलं जातं आणि उष्णता काढायलाच वापरतात. आपल्याकडेही तिक्त रस शीत, हे तुम्ही प्रथम वर्षालाच शिकलात. म्हणजे दोन्ही वैद्यकांचा अनुभव सारखा आहे, पण मांडणी वेगळी. ‘अग्नीची चव’ याचा अर्थ ‘अग्नीपासून बनलेली चव’ असा लावला तर तुम्ही थंड औषधाला उष्ण समजून बसाल.

तेव्हा निदान पहिले सहा महिने दोन्हींचे धागे वेगळे ठेवा. तुलना नंतर करा, खुशाल करा, तिच्यातून पुष्कळ शिकायला मिळतं. एक चांगली बाब अशी, की नाडी, जीभ, मल, झोप, भूक यांचा कसून विचार करायची सवय तुम्हाला आधीच आहे. एमबीबीएसवाल्यांना तीच लावून घ्यायला वेळ लागतो.

पाच तत्त्वांचा उपयोग कुठे होतो, तेही सांगतो, नाहीतर ती सोडूनच द्या असं म्हटल्यासारखं वाटेल. परीक्षा जवळ आली, घरात भांडण झालं की पोटात मुरडा येऊन पातळ शौचाला होणारे रुग्ण तुम्ही ओपीडीत पाहिलेच असतील. शौचाला जाऊन आलं की दुखणं थांबतं. रिपोर्ट सगळे स्वच्छ. चिनी वैद्य म्हणतो, यकृत अडलंय आणि ते प्लीहेवर चढून बसलंय, लाकूड मातीला गरजेपेक्षा जास्त दाबतंय. म्हणून नुसतं पचन सुधारून भागत नाही, यकृताची छी, म्हणजे शरीरात वाहणारी जीवनशक्ती, मोकळी करावी लागते. ॲक्युपंक्चरमध्ये मी इथे पायावरचे ताइचोंग आणि झूसानली हे बिंदू बहुधा एकत्र वापरतो. दुसरं उदाहरण जुनाट खोकल्याचं. छातीत फार काही नाही, पण रुग्ण खंगलेला, जेवण अंगी लागत नाही, जीभ फिकी. इथे माती धातूला पोसते, म्हणून फुप्फुसाबरोबर प्लीहेचा उपचार. ‘नानचिंग’ या प्राचीन ग्रंथात एकूण 81 प्रश्न आहेत. त्यातल्या 69 व्या प्रश्नात हा नियम दिलाय: कमतरता असेल तर आईला (पोसणाऱ्या तत्त्वाला) बळ द्या, आधिक्य असेल तर मुलाचं (ज्याला ते पोसतं त्याचं) काढून घ्या. एवढे दोन-तीन संबंध रुग्णांवर ओळखता आले की पुरे. रंग, दिशा, ऋतू, धान्य, प्राणी यांचे लांबलचक तक्ते पाठ करायला सुरुवातीला वेळ घालवू नका.

इथे एक सावधगिरी. प्लीहा, यकृत, मूत्रपिंड हे शब्द वाचून शरीररचनेतले अवयव डोळ्यांपुढे आणू नका. चिनी प्लीहा अन्नाचं रूपांतर करते, रक्त वाहिन्यांत धरून ठेवते आणि स्नायूंना बळ देते. हे ॲनाटॉमीतल्या प्लीहेचं काम नाही. ‘मूत्रपिंडाची कमतरता’ असं लिहिलेल्या रुग्णाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बिलकुल नॉर्मल असू शकतं. त्याउलट क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाला नुसते बिंदू देत बसणं हा गुन्हा आहे. रुग्णाला समजावतानाही हा फरक स्पष्ट सांगा. ‘डॉक्टर म्हणाले किडनी कमजोर आहे’ एवढंच ऐकून माणसं घरी जाऊन रात्रभर जागतात.

दोन पुस्तकांत दोन गोष्टी का, याचं उत्तर इतिहासात आहे. ‘ह्वांगदी नेइचिंग’ हा आधारग्रंथ एका हातचा नाही. सूवेन आणि लिंगशू असे त्याचे दोन भाग, प्रत्येकी 81 अध्यायांचे, बराचसा मजकूर सम्राट आणि त्याच्या वैद्याच्या प्रश्नोत्तरांचा. त्यात वेगवेगळ्या काळातली आणि परंपरांतली मतं शेजारी शेजारी बसली आहेत. नाडीचंच घ्या. सूवेनमध्ये डोकं, हात, पाय अशा तीन विभागांत नऊ ठिकाणी नाडी पाहायला सांगितलीय. ‘नानचिंग’चा पहिलाच प्रश्न असा, की फक्त मनगटावर पाहून सगळं कसं कळतं? आणि पुढची परंपरा मनगटावर स्थिरावली. पुढे मिंग काळात ली शिझेनने नाडीचे 27 प्रकार सांगितले. त्याचाच ‘बेनत्साओ गांगमू’ हा औषधकोश 1596 मध्ये छापला गेला, त्यात 1892 द्रव्यं आहेत. छिंग काळात उष्ण साथीच्या आजारांसाठी ये त्यानशीने संरक्षक थर, छी, पोषक थर आणि रक्त अशी चार पातळ्यांची वेगळीच मांडणी केली, कारण शांगहान लुनमधल्या, आजार बाहेरून आत सरकण्याच्या सहा पायऱ्या त्या आजारांना पुऱ्या पडत नव्हत्या. शेवटी 1956 मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझो आणि चेंगदू इथे चिनी वैद्यकाची महाविद्यालयं निघाली आणि शिकवण्यासाठी या सगळ्याची एकसंध पाठ्यपुस्तकं लिहिली गेली. तुमच्या हातातलं पुस्तक बहुतेक त्याच घराण्यातलं असेल. एखाद्या लेखकाने जुन्या ग्रंथातलं मत उचललं आणि दुसऱ्याने पाठ्यपुस्तकातलं, की दोन पुस्तकं भांडताना दिसतात. असं झालं की ‘बरोबर कोण’ असं विचारू नका. हे मत कुठल्या आजाराकडे पाहून, कुठल्या काळात मांडलं गेलं, ते शोधा. चरक आणि सुश्रुत यांच्या बाबतीत तुम्ही हेच करता.

सुरुवात कुठून, याचं उत्तर आता सोपं होतं. आठ कसोट्या आधी. मग छी, रक्त आणि द्रव. त्यानंतर प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंड एवढीच तीन, कारण ओपीडीतल्या रोजच्या तक्रारींपैकी पुष्कळ तिथेच उलगडतात. हृदय आणि फुप्फुस मागाहून. मार्गिका (छी वाहते असे मानलेले शरीरातले मार्ग) आणि बिंदू त्यांच्याबरोबर हळूहळू. 361 बिंदू एकदम पाठ करायला घेऊ नका. पाच तत्त्वं शेवटी, वर सांगितलं त्या बेताने. नेइचिंग मूळ वाचायची घाई नको. निदानाची सवय झाल्यावर तो ग्रंथ फार वेगळा आणि फार समृद्ध वाटतो.

आणि जीभ पहिल्या दिवसापासून. नाडी शिकायला गुरू लागतो आणि वर्षं लागतात. जीभ तुम्हाला उद्यापासून वॉर्डात पाहता येईल. आपल्याकडे मात्र काही अडचणी आहेत ज्या चिनी पुस्तकात सापडणार नाहीत. आपली माणसं सकाळी जिभलीने जीभ स्वच्छ घासून येतात, आणि जिभेवरचा थर हाच तर अर्धा पुरावा. म्हणून अपॉइंटमेंट देतानाच सांगायचं, की त्या दिवशी जीभ घासू नका. पिवळा थर म्हणजे उष्णता, असं पुस्तक सांगतं. पण रुग्ण तासाभरापूर्वी हळदीचं दूध पिऊन आला असेल, किंवा बी कॉम्प्लेक्सची गोळी चघळून आला असेल, तर तो रंग त्याचा. पान-तंबाखू खाणाऱ्याच्या जिभेचा रंग तर सोडूनच द्या, तिथे आकार, ओलावा आणि कडेचे दातांचे ठसे एवढ्यावर भर द्यायचा. खिडकीच्या उजेडात पाहा. जीभ सैल बाहेर काढायला सांगा आणि थोडक्यात आटपा. ताणून फार वेळ बाहेर धरली की तिचा रंग गडद होतो आणि तुम्हाला नसलेली उष्णता दिसायला लागते. फिकी, फुगीर, कडेला दातांचे ठसे असलेली जीभ आणि लाल, बारीक, थर नसलेली, भेगाळलेली जीभ, या दोन जिभा एकाच दिवशी शेजारी पाहिल्यात की यांगची कमतरता आणि यिनची कमतरता यातला फरक पान उलटून पाहावा लागणार नाही.

इंटर्नशिपचा फायदा घ्या. वॉर्डातल्या रुग्णाची थंडी-उष्णता, घाम, डोकं-अंग, मल-मूत्र, भूक, छाती-पोट, कान, तहान, झोप विचारा, जीभ पाहा आणि वहीत एका ओळीत नमुना, म्हणजे सगळ्या लक्षणांवरून ठरलेलं चिनी निदान, लिहा. उपचार करायचा नाही. दोन दिवसांनी त्याच रुग्णाकडे जाऊन आपली ओळ टिकते का ते बघा. एकाच आजाराचे तीन रुग्ण तीन नमुन्यांत मोडतात आणि तीन वेगळ्या आजारांचे रुग्ण एकाच नमुन्यात येतात, हे स्वतःच्या वहीत दिसलं की ‘एका रोगाला वेगळे उपचार, वेगळ्या रोगांना एकच उपचार’ या त्यांच्या वचनाचा अर्थ आपोआप कळेल.

हे सगळं खरं आहे का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण प्रश्नात ते जाणवतं. मी प्रामाणिकपणे सांगतो. जुनाट दुखण्यात आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीत ॲक्युपंक्चरचा फायदा होतो, याला चांगल्या चाचण्यांचा आधार आहे. पण जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरं ॲक्युपंक्चर आणि चुकीच्या जागी उथळ सुया टोचलेलं ॲक्युपंक्चर, दोन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली आणि त्या दोघांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे मार्गिका जशा काढल्या आहेत तशाच शरीरात आहेत, असा दावा मी करणार नाही, तुम्हीही करू नका. 2015 चं नोबेल मिळालेल्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांचं उदाहरण लोक सिद्धांताचा विजय म्हणून देतात. त्यांनी गे होंगच्या चौथ्या शतकातल्या ग्रंथातून एक कृती उचलली: मूठभर छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यायचा. त्यात उकळणं नाही, यावरून त्यांनी कमी तापमानावर अर्क काढायचं ठरवलं आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती आलं. ते अनुभवाच्या नोंदीचं आणि आधुनिक रसायनशास्त्राचं यश आहे, यिन-यांगचं म्हणता येणार नाही. माझ्या लेखी या सिद्धांतांची किंमत रुग्णाकडे बारकाईने पाहायला लावणारी शिस्त म्हणून आहे, आणि तेवढ्यावर त्यांनी मला पुष्कळ दिलंय.

म्हणूनच अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, छातीतलं दुखणं, लघवीतलं रक्त, कारणाशिवाय घटलेलं वजन, इथे नमुना शोधत बसायचं नाही. आधी तपासण्या. चिनी औषधं ऑनलाइन मागवून स्वतः देऊ नका. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोचिक आम्ल असलेली दुसरी वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. वर ज्या माहुआंगचं कौतुक केलं, त्यातलं इफेड्रिन रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवतं. काढ्यांची उदाहरणं मी सिद्धांत समजावण्यासाठी दिली, प्रिस्क्रिप्शन म्हणून नाही.

काळाचं विचारलंत. ते तुम्हाला काय करायचंय यावर आहे. नुसती ओळख हवी असेल तर तीन-चार महिन्यांचं नियमित वाचन पुरतं. प्रॅक्टिस करायची असेल तर वहीसकट एक वर्ष सिद्धांत आणि निदान, आणि त्याच्या बरोबरीने अनुभवी माणसाच्या हाताखाली सुया. खांद्यावर, पाठीवर, छातीवर खोली चुकली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं, सडपातळ माणसात तर फारच सहज, तेव्हा व्हिडिओ पाहून टोचायला जाऊ नका. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे. कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी त्याने नोंदणी मिळते का, हे परिषदेकडेच लेखी विचारा.

चिनी भाषा यायलाच हवी असं नाही. पण बिंदूंचे आणि नमुन्यांचे चिनी उच्चार शिकाच, नुसत्या ‘एसटी 36’ (म्हणजे झूसानली) सारख्या क्रमांकांवर राहू नका. पुढे वेगवेगळ्या लेखकांचं वाचताना तोच एक समान धागा उरतो. वहीतल्या पाच-सहा रुग्णांच्या नोंदी, नाव-गाव वगळून, इथे टाकल्यात तर नमुना कुठे बसतो आणि कुठे नाही, त्यावर मी सविस्तर लिहीन.